हातचा

ग्रीन बँकला मोबाइल लागत नाही.
कुणाचा मायक्रोवेव्ह गुणगुणला तरी दुर्बीण दचकते,
म्हणून आमच्या कँटीनमधला लोखंडी खोलीत कोंडलाय.
डाळ गरम करायची तर जाड दार ओढायचं, खटका लावायचा,
आणि बाहेर उभं राहायचं, आत कुणी आजारी असल्यासारखं.
दुर्बिणीजवळ गाड्या फक्त डिझेलच्या.
पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगीसुद्धा
अख्ख्या दीर्घिकेपेक्षा मोठ्यानं बोलते.

दोन एकरांहून मोठी पांढरी परात,
वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांमध्ये कलती ठेवलेली.
तिच्यात पडते हायड्रोजनची कुजबुज.
लाटेची लांबी एक वीत.
माझी वीत, बाबांची नव्हे.
पट्टीवर हात ताणून पाहिलंय मी.

गेला पंधरवडा एकाच दीर्घिकेवर आहोत.
तिला नाव नाही, नंबर आहे.
मधोमध कृष्णविवर. ते दिसायचं नाहीच,
पण त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेचे ठिपके फिरतात,
नखाएवढ्या लाटेवर बोलतात.
जवळचा ठिपका जोरात, लांबचा सावकाश,
पुस्तकात लिहिलंय तस्सं.
वेग घ्या, अंतर घ्या, गुणा, भागा:
कृष्णविवर मुकाट तराजूत येऊन बसतं.
काळं असलं तरी हिशोबाला चोख आहे बिचारं.

घोळ बाहेर आहे, कडेला.
तिथे तारे विरळ, ओढून धरायला कुणी नाही,
वायूनं रेंगाळत फिरायला हवं.
तो फिरतो आतल्याइतक्याच वेगानं.
गोफण एवढ्या जोरात, की दगड केव्हाच सुटायला हवा होता.
सुटत नाही.
दोर कुठाय?

मंगळवारी रात्री, नेमकं कडेचं मोजताना,
आलेखात काटे उगवले. दर चाळीस सेकंदांनी एक.
“आकाश इतकं वक्तशीर नसतं,” लॉइड आर्बोगास्ट म्हणाला,
आणि टपावर अँटेना लावलेला ट्रक घेऊन निघाला.
मार्चचा बर्फ, वस्तीत एकही दिवा नाही.
एका फाट्यावर सुई जास्त हलली, दुसऱ्यावर कमी.
एवढ्यावरच तो वळत गेला.

दीड वाजता लँडलाइन वाजली.
शार्पबाईंचा गोठा. आईनं टाकलेलं कोकरू,
त्याच्याखाली विजेची गरम गादी, खटका झिजलेला.
“बंद केलीस?”
“दोन दिवसांचं आहे ते,” तो म्हणाला.
मग बराच वेळ नुसती तार गुंजत राहिली.
“गरम पाण्याच्या बाटल्या लावून बघतो.
तासातासाला बदलाव्या लागतील. मी थांबतो इथे.”

काटे गेले.
पहाटेपर्यंत आम्ही कडेकडेनं बाहेर सरकत राहिलो,
तारे संपले, त्यापुढे वायूही विरत गेला,
वेगाची रेघ काही उतरली नाही.
सपाट. त्या रेघेवर चहाचा कप ठेवला असता
तर डचमळला नसता.

चौथीत टेंबेबाई हातचा लिहू द्यायच्या नाहीत.
“पाटीवर नको, बोटात धरा.”
आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच,
हातचा एक.
अनामिका दुमडून बसायचो आम्ही तीस पोरं.
उत्तरात तो कुठेच दिसायचा नाही,
विसरलात तर मात्र बेरीज चुकलीच, वर छडी.

इथे हातचा सहापट निघाला.
दिसणारी बेरीज त्याच्यापुढे चिमूटभर.
कुणी धरलाय, कुठल्या बोटात, कधीपासून,
काही सांगता येत नाही.
पेपरात आम्ही कृष्णद्रव्य लिहितो,
आणि लगेच पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

सहाला लॉइड आला. बाह्या ओल्या,
अंगाला लोकरीचा आणि दुधाचा वास.
“सापडलं?”
“वजन सापडलं.”
पुरेसं असावं त्याला. त्यानं नोंदवही ओढली,
‘कारण’ खाली लिहिलं: कोकरू.
‘उपाय’ खाली: बाटल्या, पाच वेळा.

माझ्याही तक्त्यात तो रकाना आहे.
मी तो मोकळा सोडला,
टेबलाखाली अनामिका दुमडली,
आणि कडेचा पुढचा आकडा मांडायला घेतला.